अंगठ्याला दीड वेढा

दसरा झाला की वैनगंगेचं पाणी निवळायला लागतं. आधी ते दाट चहासारखं असतं, मग पाहुणे वाढल्यावर पाणी घालून पुरवलेल्या चहासारखं, आणि दिवाळीच्या तोंडावर नुसतं पाणी. काठावर हलकं धान कापणीला आलेलं असतं, वाळूत पाय टाकला की वरून ऊन आणि आतून गार लागतं. वल्ह्याचं पातं पाण्यात हातभर खाली दिसलं की आमचे काकाजी म्हणायचे, "निंगू आता."

यंदा हे दिवस मला नदीवर नव्हे, चंद्रपूरच्या एका दवाखान्यात टेबलावर पाय लांब करून बसलो असताना आठवले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला साखर निघाली. आमच्या घराण्यात ती पाहुण्यासारखी आहे. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, पण कुणाचं घर चुकवत नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि एका छोट्या दांडीला लावलेला बारीक दोरा माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला टेकवला. "लागलं की हो म्हणा."

डोळे मिटण्याआधी मी तो दोरा पाहून घेतला होता. तंगूस. नायलॉनचा तोच दोरा, ज्याला आम्ही गळ बांधतो. त्यामुळे डोळे मिटले तो थेट डोंग्यात, म्हणजे आमच्या लाकडी होडीत, जाऊन बसलो. हो म्हटलं. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा मी टेकवलाच नव्हता."

मी म्हटलं, वाऱ्यानं वाटलं असेल. पंखा बंद होता.

त्यांनी सांगितलं ते एवढंच, की डावा पाय ठीक आहे, उजव्याचं नक्की कळत नाही, महिन्याभरानं पुन्हा बघू. तोवर अनवाणी चालायचं नाही, आणि रोज घरच्या कुणाला तरी तळपाय दाखवायचा, कारण जखम झाली तर ती तुम्हाला कळणार नाही, त्यांना दिसेल. बल्लारपूरला घरी आलो तेव्हा बायकोनं, संध्यानं विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, भात कमी करा म्हणाले. खरं तर भाताबद्दल त्या काही बोललेल्याच नव्हत्या. पण खोटं बोलायचं तर त्यात थोडा त्याग दिसावा लागतो.

अंगठ्याचं हे प्रकरण मला पूर्ण माहीत होतं. मी ते एकदा समोर बसून पाहिलेलं आहे. म्हणूनच बोललो नाही.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाला, नदीच्या काठावर. आजोबा नदीवरचे. वडिलांनी नदी सोडली आणि बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात बांबू मोजायला लागले. मी त्यांच्याही पुढे गेलो, शाळेत बाबू झालो. चाळिशीपर्यंत मासा आणि माझी भेट ताटातच होत असे. वडिलांच्या पाठचे काकाजी मात्र डोंगा धरून राहिले. आणि अकरा-बारा वर्षांपूर्वी, का कोण जाणे, मला वाटलं की आपण मासे धरायला शिकावं. माणसाच्या चाळिशीत असं काहीतरी होतंच. आमच्या मुख्याध्यापकांना बासरी झाली होती.

पहिल्या रविवारी गाडी काढून गावी गेलो, तर काकाजी म्हणाले, "शाळेले सुट्टी हाये तं घरी झोप न बे. मासे काऊन भेवडाऊन राह्यला?"

पण डोंग्यात बसवलं. काकाजी मागच्या टोकाला, वल्हं हातात, तोंड पुढे. मी मध्ये, त्यांच्याकडे तोंड करून. या बसण्यामुळे मला त्या मोसमात दोनच गोष्टी सतत दिसल्या. मागे सरकत जाणारी नदी, आणि काकाजींचा पाय.

काकाजींचं मासे धरणं काठावर गळ टाकून बसण्याचं नव्हतं. "बसलेल्या मानसाकडं कोन येते? मासाई येत नाई," असं ते म्हणायचे. डोंगा चालवत राहायचा आणि मागे पंधरा-वीस वाव (दोन हात पसरले की एक वाव) तंगूस सोडून गळ ओढत न्यायचा, दोघांचे दोन, दोन बाजूंना. नजर पढीनवर. पढीन म्हणजे अंगावर खवले नसलेला, लांबोळका, तोंड कानापर्यंत फाटलेला मासा. मेलेलं तो सहसा घेत नाही. पळणाऱ्याच्या मागे लागण्याची त्याला खोड. तेव्हा गळाला पळणारं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे चमचा. स्टीलच्या चमच्याची दांडी कापायची, वाटीला दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एकात तंगूस, दुसऱ्यात गळ. ओढला की तो पाण्यात डगमगत येतो, जखमी मासोळी पळावी तसा. डगमगला पाहिजे, गरगर फिरता कामा नये. फिरला की तंगूसाला पीळ पडतो आणि पढीनला शंका येते.

पाणी गढूळ असेल तोवर नवा, चकचकीत चमचा. पाणी निवळलं की जुना, चिंचेनं घासघासून मंद झालेला, नाहीतर पितळी. संध्याचा सहा चमच्यांचा संच होता, लग्नातला. त्या दिवाळीपर्यंत त्यातले दोन राहिले. पाहुणे आले की आम्ही पोहे दोघादोघांना एका ताटलीत देऊ लागलो. ती म्हणाली, "चमचे जातात कुठे?" मी म्हटलं, मोलकरणीला विचार. तिनं शांतपणे सांगितलं की आपल्याकडे मोलकरीण नाही.

चाल महत्त्वाची. "बैल घराकडं येते त्या चालीनं नाई, वावराकडं जाते त्या चालीनं," हे काकाजींचं माप. आणि सरळ जायचं नाही. जिथे डोहाचा काळा रंग संपून उथळाचा पिवळा लागतो, त्या रेषेच्या अल्याड-पल्याड नागमोडी. वळताना आतल्या बाजूचा चमचा मंदावून खाली बसतो, बाहेरच्या बाजूचा वेग घेतो. मासा बहुतेक वळणावरच घेतो. मासा लागल्यावर काय करायचं, यात मी पहिले तीन रविवार नापास होतो. ठोका बसला की मी "लागला" म्हणून उठायचो, काकाजी दचकून वल्हं थांबवायचे, तंगूस ढिला पडायचा आणि पढीन चमचा थुंकून निघून जायचा.

"लागला तं थांबाचं नसते," काकाजी सांगायचे. "अजून दोन वल्ही माराची. गळ डोंगा रुतवते. आपुन नाई."

आता अंगठा. वल्ह्यात दोन्ही हात गुंतलेले, मग तंगूस धरायचा कशानं? उजव्या पायाच्या अंगठ्याला वेढा द्यायचा. गुंडाळी मांडीशी, मधला दोरा अंगठ्यावरून काठाच्या बाहेर. मासा लागला की अंगठ्याला आधी कळतं, मग माणसाला. काकाजींचा अंगठा खडकाला घासणं, पाल्याला अडकणं, पाण्याची ओढ आणि पढीन यांतला फरक डॉक्टरनं नाडी सांगावी तसा सांगायचा. आणि वेढा किती? दीड. एक दिला तर निसटतो. दोन दिले तर मोठा मासा लागल्यावर सुटत नाही आणि तंगूस मांसात जातो. दीड दिला की ठोका कळतो, आणि ओढ वाढली की तो आपणच घसरून मोकळा होतो. आजोबांनी काकाजींना हे एकच वाक्य वारसा म्हणून दिलं होतं. डोंगा दिला होता, पण तो सडला आणि नवा करावा लागला. वाक्य सडलं नाही.

चौथ्या रविवारी मला पढीन मिळाला. पाचव्या रविवारी दोन. काकाजींना त्या दोन्ही दिवशी एकही नाही.

इथे मला जरा थांबून कबूल केलं पाहिजे की मी त्या आठवड्यात शाळेत कसा वागलो. मी शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर पाय काढून अंगठा दाखवला. म्हटलं, हे रक्तात असावं लागतं. विज्ञानाच्या सरांना पढीनची मानसिकता समजावून सांगितली. संध्याला म्हटलं, काकाजींचं वय झालं आता, पुढची पिढी तयार आहे. ती मासा कापत होती. म्हणाली, "पुढच्या पिढीनं खवले असलेला आणू नये म्हणजे झालं."

काकाजी मात्र म्हणत होते, मासेच राहिले नाहीत. वरचं धरण दार उघडत नाही, उघडलं तर एकदम उघडते. रेतीवाल्यांनी डोह भरून टाकले. खालची माणसं स्फोट करून मासे मारतात. यातलं सगळंच खरं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. फक्त एवढंच, की मासे राहिले नव्हते तर मला कुठून मिळत होते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. मी हुशार होतो.

खरं म्हणजे मी काकाजींच्या समोर तोंड करून बसलो होतो. त्यांचा तंगूस जिथे पाण्यात शिरायचा ती जागा मला दिसत होती. सहाव्या रविवारी तिथे दोनदा झटका आला, स्पष्ट.

"काकाजी, तुमच्याकडं लागला वाटते."

"पान्याची वढ हाये."

"दोनदा झालं."

"सुधाकर, तू शाळेत लिव्हत जा. मले माह्या अंगठ्याचं सांगू नोको."

मी गप्प बसलो. आणि गप्प बसताना मला थोडं बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. तो मासा त्यांना मिळाला असता तर तो रविवार बरोबरीत सुटला असता.

त्याच दिवशी मला दिसलं की काकाजींच्या अंगठ्याला दीड नव्हे, दोन वेढे आहेत. पुढच्या रविवारी तीन. मी विचारलं नाही. आता कळतं की तो माणूस वेढे वाढवून आपल्याच पायाला हाका मारत होता.

तीन वेढ्यांच्या रविवारी ऊन चढलं होतं, वारा पडला होता. काकाजी धरणावर बोलत होते. डोंगा वळणावर आला आणि त्यांचा तंगूस एकदम ताठ झाला, पाण्यातून उठून वर आला, थेंब गळायला लागले. मोठा मासा होता. डोंग्याची मागची बाजू किंचित खेचली गेली. काकाजींचं बोलणं चालूच. मग तंगूस तुटला आणि सैल होऊन पाण्यावर पडला. काकाजी म्हणत होते, "...मंग दारं उघडाले कोनाची परवानगी लागते, सांग."

डोंग्याच्या तळाला नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं. ते लाल होत होतं.

"काकाजी, पाय."

"काय पाय?"

त्यांनी खाली बघितलं. तीन वेढे अंगठ्याच्या आत गेले होते. पांढरं दिसत होतं. दुखण्यानं माणसाचा चेहरा बदलतो, तसा काही बदलला नाही. शेजाऱ्याचं जनावर आपल्या वावरात शिरलेलं बघावं, तसं ते आपल्या पायाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कवाचं हाये हे?"

"आताचं."

"मासा होता?"

"मोठा होता."

"तुले दिसला?"

मी हो म्हटलं. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. त्या सात रविवारांत डोंगा मध्येच सोडून दिलेला मी पहिल्यांदा पाहिला. तो आपणच फिरत काठाकडे गेला. काठ लागला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मासे हायेत नदीत." आणि त्यांना त्याचा आनंद झाला की दुःख, हे मला आजही सांगता येत नाही.

काकूनं हळद लावली. काकाजी म्हणाले, दोन दिवसांत भरते. मी म्हटलं, दवाखान्यात चला. ते म्हणाले, शनिवारी पाहू. मी त्यांचं ऐकलं. आधी दोन रविवार गप्प बसलो होतो, त्यात आणखी सहा दिवस घातले. शनिवारी काकूचा फोन आला की पायाला वास येऊन राह्यला. मी त्यांना गाडीवर मागे बसवून, पाय दुपट्ट्यात बांधून चंद्रपूरला नेलं. साखर किती निघाली ते ऐकून नर्सबाईनं पुन्हा मोजली. अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आले असते तर राहिला असता, आठवडाभर उशिरा आले असते तर पाऊल गेलं असतं. म्हणजे आम्ही बरोबर मध्ये पोहोचलो. शुद्धीवर आल्यावर काकाजींनी मला विचारलं, "तुले कवा समजलं होतं?" मी म्हटलं, त्याच दिवशी. मी समोर तोंड करून बसायचो, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मला वाटलं होतं, संपलं. पण पुढच्या दसऱ्याला गावी गेलो तर काकाजी डोंग्याला डांबर लावत होते. वल्हं मारायला अंगठा लागत नाही, म्हणाले. प्रश्न होता तो तंगूस धरणार कोण. मला त्या मोसमात शाळेनं दर रविवारी कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला लावलं होतं. तेव्हा काकू चुलीपुढून म्हणाली, "मले बसवा."

"तुले काय समजते त्यातलं?"

"चाळीस वर्सं तुमचे मासे कापले. पोटातून समजलं तेवढं समजलं. आता तोंडाकडून पाहू द्या."

काठावर येऊन ती मध्ये बसली, पदर खोचून. काकाजींनी तंगूस दिला आणि म्हणाले, "जोडवी काढ. अडकते."

"काऊन? तुमी जिते हा न आजून."

जोडवी राहिली. काकूनं अंगठ्याला दीड वेढा दिला. तो किती द्यायचा हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आणि मग असं झालं की मासा लागला की तंगूस बाजूच्या बोटातल्या चांदीच्या जोडव्यावर आपटायचा आणि बारीक आवाज यायचा, टिंग. मागे बसलेल्या काकाजींना तो ऐकू यायचा. काकूला कळायच्या आतच ते दोन वल्ही मारून मोकळे. जे पायात राहिलं नव्हतं ते त्यांना कानात मिळालं. दोघं दर हंगामाला जाऊ लागली. भांडण डोंग्यातून गावापर्यंत ऐकू यायचं, पण मासे यायचे.

गेल्या दोन वर्षांपासून काकाजींच्या खांद्यात जोर राहिला नाही. डोंगा काठावर पालथा होता.

मागच्या रविवारी मी गेलो. काय मनात होतं ते सांगतो. मला माझी जुनी जागा हवी होती, मधली. तंगूस अंगठ्याला लावावा, वळणावर ठोका बसावा, आणि आपल्याला आपलं कळावं की डॉक्टरीणबाईंचा दोराच नीट नव्हता. काकाजी रेतीत गोणपाटावर बसले होते, काकू शेजारी. नजर अंधूक झाली आहे, पण मी येतोय हे त्यांनी चालण्यावरून ओळखलं.

"पाय काऊन आपटून राह्यला बे?"

"नाही, रेती आहे."

"रेती मलेई मालूम हाये."

त्यांनी जवळ बसवलं. संध्यानं फोन करून काकूला साखरेचं सांगितलं होतं, पायाचं सांगायला तिला ते माहीतच नव्हतं. काकाजींनी विचारलं काही नाही. गुंडाळीतून तंगूस काढला, हातानं चाचपत माझ्या उजव्या अंगठ्याला दीड वेढा दिला, आणि दहा-बारा वाव तंगूस सोडत काठीच्या आधारानं मागे गेले.

"डोये मिट. वढलं की सांग."

मी डोळे मिटले. नदीचा आवाज, पलीकडे कुठेतरी धान झोडपल्याचा आवाज. पाठीवर ऊन. जिभेवर हो तयार होतं. दवाखान्यात आलं होतं तसंच आताही येत होतं, बरोबर वेळ साधून. मला एवढंच ठरवायचं होतं की आता म्हणायचं की अजून थोडं थांबून. मग डोंग्याच्या तळाचं ते लाल पाणी आठवलं, आणि त्यात त्यांचा प्रश्न. कवाचं हाये हे?

"काकाजी," मी म्हटलं, "मले नाई समजून राह्यलं."

"किती डाव वढलं म्या?"

"नाई मालूम."

"चार डाव."

ते तंगूस गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आले. सावकाश, एकही पीळ न पडू देता. गुंडाळी काकूच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "मंग मांगं बस. वल्हं घे."

आधी मी संध्याला फोन लावला. ती म्हणाली, "मासा मिळाला का?"

"नाही. घरी आलो की तुला पाय दाखवायचाय."

"कोणाचा?"

"माझा. उजवा. डॉक्टर म्हणाले होते."

मग म्हणाली, "आता काय घातलंय पायात?"

मी अनवाणी होतो. तसं सांगितलं. त्या एका दिवसात दोनदा खरं बोललो होतो, तिसऱ्यांदाही जमलं. पुढचं ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. गाडीच्या डिकीतून बूट आणून घातले, पालथा डोंगा सरळ करून पाण्यात लोटला, आणि बूट घालून डोंग्यात बसणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस झालो. काकू तोंडाला पदर लावून हसली. मध्ये बसली, माझ्याकडे तोंड करून. सत्तरी गाठलेले पाय, तरी जोडवी तिथेच.

वल्हं माझ्या अंदाजापेक्षा जड होतं. वावराकडे जाणाऱ्या बैलाची चाल धरायला मला बराच वेळ लागला. आधी मी घरी येणारा बैल होतो, मग बसकण मारलेला. काठावरून काकाजी डोहाच्या रेषेकडे काठीनं खुणा करत होते, त्यांना रेषा दिसत नव्हती तरी. मी त्या खुणेप्रमाणे नागमोडी वळलो.

वळणावर टिंग झालं. काकूनं वर पाहिलं.

मी थांबलो नाही. अजून दोन वल्ही मारली.